धुतलेली फ्लॉपी

सोमवारी सकाळी सव्वाआठला कारभारीनं फ्लॉपी मशिनीच्या खालच्या फटीत सारली, खटका पाडला, आणि मशीन खरखरली. एरवी ही बया फ्लॉपी तोंडात घेतली की पोट भरलेल्या मांजरीसारखी घुर्र करायची, दोनदा टकटक करायची आणि हिरव्या अक्षरांनी पडदा भरून टाकायची. आज जात्यात खडा आल्यासारखं झालं. कारभारीच्या दाढा शिवशिवल्या. पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ उमटली, ड्राइव्ह बी तयार नाही, आणि तिच्याखाली तीन शब्द: अबॉर्ट, रिट्राय, फेल. म्हणजे सोडून दे, परत कर, नाहीतर हरलो म्हण. कारभारीनं परत कर म्हणलं. खर्रर्र. परत. खर्रर्र. सातव्या वेळी त्याच्या ध्यानात आलं की आपण बोट हळू ठेवतोय, आजारी जनावराच्या अंगावर ठेवावं तसं, जणू मघाशी जोरात दाबलं म्हणूनच ती रुसली. बाहेर टाइम ऑफिसच्या खिडकीवरून पहिल्या पाळीची माणसं चालली होती, रोजच्यासारखी हात वर करत होती. कारभारीनं पण हात वर केला. हसला पण. हसणं त्याच्या तोंडाला सायकलच्या घंटीसारखं होतं, धक्का लागला की वाजायचं.

फ्लॉपीत त्रेचाळीस माणसं होती. वाळूजच्या माळावर ही कंपनी उभी राहिली तेव्हापासून टेम्परवारी म्हणून राबणारी, कुणी सात वर्षं, कुणी पाच. उद्या अकरा वाजता लेबर ऑफिसात त्यांची यादी द्यायची होती, कोण कधी लागला त्याची, आणि त्या यादीवर माणसं कायम होणार होती. ही यादी वेळेत झाली नाही तर कंपनी सरळ चालू मस्टरवरून यादी देणार, आणि चालू मस्टरप्रमाणं सगळेच गेल्या एप्रिलात जन्मले होते. जुनी मस्टरं कॉम्प्युटर आला त्या खुशीत कंपनीनं रद्दीत घातलेली. मग कारभारीनं तीन महिने ती यादी माणसांच्या डोक्यातून उपसून काढली. तारीख कुणाला ठाऊक? फकिरा म्हणाला, मी लागलो त्या दिवशी गेटपुढं डांबर पडत होतं, माझी चप्पल चिटकली. कारभारीनं रस्त्याच्या ठेकेदाराचा जुना वॉचमन हुडकला, डांबराची तारीख काढली. भिकन म्हणाला, आमचा बैल मेला त्याच्या तिसऱ्या दिवशी. कारभारी एसटीनं वैजापूरला गेला आणि ढोराच्या दवाखान्यातून बैल मेल्याची तारीख घेऊन आला. अशी एक-एक. नेमणुकीची पत्रं नाहीत तर नाहीत. डांबर आहे, बैल आहे, कुणाच्या पोरीचं बारसं आहे. लेबर ऑफिसातला साहेब पण म्हणाला होता, यादी नीट करून आणा, पुरावे मी बघतो. त्या यादीत तेवीस नंबरला कारभारी स्वतः होता. पाच वर्षं मशीन चालवायचा, आणि तो पण टेम्परवारीच. शनिवारी शेवटचं नाव टाकून झालं तेव्हा त्याला इतकं ताठ वाटलं की घरी जाताना सायकलवरून उतरून, पाठ सरळ ठेवून पायी चढ चढला, कुणी बघावं म्हणून.

कागदावर का नाही काढली, तर प्रिंटरची रिबन संपलेली, आणि नव्या रिबनीला चार सह्या लागायच्या. ती आज आली. दुसऱ्या फ्लॉपीवर का नाही काढली, तर पर्सोनेल ऑफिसर नानासाहेब फ्लॉप्यांचा डबा कपाटात कुलपात ठेवायचे आणि पेन्सिलीसारख्या वाटायचे: जुनी झिजवून आण, मग नवी ने. मशिनीला स्वतःचं पोटच नव्हतं. वरच्या फटीत अक्कल घालायची, म्हणजे मशीन चालवणारी फ्लॉपी, खालच्या फटीत माणसं. दुपारी बंद केली की सगळं विसरून बसायची.

कारभारीनं फ्लॉपी बाहेर ओढली, खिडकीच्या उजेडात धरली. काळी, चौकोनी, तळहाताएवढा पापड असावा तशी लवचिक. मधे गोल भोक, आणि एक लांबट फट, त्यातून आतली तपकिरी चकती दिसते. त्या फटीच्या कडेला पिवळी रेघ होती. बारीक. आणि एक थेंब वाळलेला, त्याला पिवळं चिटकलेलं. कारभारीनं वास घेतला. घ्यायची गरज नव्हती.

काल रविवार. शहराच्या अंगालाच सातारा गाव, तिथं खंडोबा. कारभारीच्या घरात नवी कातर आली तरी भंडारा लावल्याशिवाय लोकरीला लागायची नाही. पहिलं कोकरू झालं, घोंगडीचा नवा माग मांडला, तरी आधी चिमूटभर पिवळं. मग त्रेचाळीस घरांची भाकर ज्याच्यात आहे ते कोरंच कसं ठेवायचं? पिशवीत नारळ, नारळाशेजारी फ्लॉपी. पायरीवर गेल्यावर त्यानं ती कागदी पाकिटातून बाहेर काढली, कारण देवापुढं झाकून ठेवत नसतात. केसरबाई, त्याची बायको, म्हणाली पण, "अवो, त्या काळ्या पापडाला काय लावताय?" तो म्हणाला, "तुला नाय कळायचं, ह्याच्यात मी हाये." आणि उधळला. मागं कुणीतरी नारळ फोडला त्याचं पाणी मानेवर उडालं, गार, आणि त्याला शुभ वाटलं. किती शुभ वाटलं होतं! आता ती मान तापली. पाच वर्षं नव्या पोरांना तो सांगायचा, फ्लॉपीला बोट लावू नका, फुंकू नका, तिच्यापुढं शिंकू नका. आणि स्वतः मूठभर हळद.

तसा तो कंपनीतला नंबर एक बेरकी. कॉम्प्युटर आला त्या पहिल्या महिन्यात त्यानं सगळ्यांना पटवलं होतं की ही मशीन खोटं ओळखते. उशिरा आलेला माणूस खिडकीशी उभा राहायचा, म्हणायचा, दादा, गंगापूरची जीप पंक्चर झाली. कारभारी टेबलाखालून एक कळ दाबायचा, मशीन ट्यूं करायची. माणूस घाम पुसत म्हणायचा, नाय दादा, सासुरवाडीला झोपलो व्हतो. अर्ध्या कंपनीची लफडी त्याला अशी मोफत कळली. एकदा तर मॅनेजरसाहेब स्वतः खिडकीपाशी आले आणि उगाच, काही न विचारता, काल कुठं होतो ते सांगून गेले. चौथी पास धनगराचा पोरगा, वॉचमन म्हणून लागलेला, आणि सुटाबुटातली माणसं त्याच्या मशिनीपुढं खरं बोलायची. याचा अभिमान त्याला झोपेत पण असायचा.

"काय झालं कारभारी?" नानासाहेब आत आले. घरचा कांदा-कापूस वैजापूरकडं, पायात कोल्हापुरी, बोलणं हळू.

"वाचंना साहेब. गिळतीय, पण पचंना."

"पुण्याला लाव फोन. इंजिनिअर बोलव."

लावला. पुण्याचा इंजिनिअर आधी म्हणाला, तुमच्याकडं वातावरण कसंय, गाड्या चालू आहेत का. विद्यापीठाचं नामांतर होऊन तीन दिवस झाले होते. कुठं पेढे, कुठं बंद, क्रांती चौकात पोलिसांच्या गाड्या. इंजिनिअर म्हणाला, बुधवारी बघू.

"बुधवारी?" नानासाहेबांचा आवाज तितकाच हळू राहिला, म्हणून जास्त लागला. "उद्या अकराला मी लेबर ऑफिसात काय दाखवू, हा पापड?" त्यांनी टेबलाकडं पाहिलं, मग भिंतीवरच्या बोर्डाकडं, कॉम्प्युटरजवळ खाण्यास मनाई. "शनिवारी इथं कोण बसलं होतं?"

कारभारीला माहीत होतं. दारात जमलेल्या दहा-बाराजणांना पण माहीत होतं. शनिवारी सखाराम दाभाडे पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला होता. नामांतरासाठी पंधरा दिवस जेलात काढलेला माणूस, यादीत सात नंबर. रोज सकाळी खिडकीशी "जय भीम दादा" म्हणायचा, कारभारी "जय मल्हार" म्हणायचा, आणि मग दोघं आपापल्या देवमाणसांचा हिशेब चुकता झाल्यासारखे बिड्या पेटवायचे. शनिवारी त्यानं बॉक्स याच टेबलावर उघडला. सतरा वर्षं दादा, म्हणाला, पोरगा झाला तवा पेढे नव्हते वाटले, आज वाटतो.

"तुपकट हात," नानासाहेब म्हणाले. "पेढा खाल्ला आणि तोच हात फ्लॉपीला."

आता बोलायची वेळ होती. साहेब, पेढा नाय, भंडारा. चार शब्द. कारभारीनं तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "साहेब, तसं म्हणलं तर सगळ्यात जास्ती पेढे तुम्हीच खाल्ले. मोजून तीन."

दारात हशा झाला. नानासाहेब पण हसले. मग त्यांनी पेन काढलं. "हसा. पण मेमो निघणार. बोर्ड लावलेला आहे. आणि मेमो असलेला टेम्परवारी यादीत बसत नाही, नियम आहे. बोलवा दाभाडेला." खुर्चीत बसता बसता, स्वतःशीच म्हणावं तसं, "नावाच्या आनंदात माणसं हात धुवायची विसरतात."

सखाराम आला, मशीन शॉपचं तेल हाताला तसंच. त्यानं ऐकून घेतलं. "साहेब, मी पेढा खाल्लाच नाय. मला शुगर हाये. वाटले फक्त."

"हात लागला असेल."

"टेबलाला लागला. फ्लॉपीला नाय. म्या तर तिच्याकडं बघितलं बी नाय, कारभारीदादा ओरडतेत."

"कारभारीदादा," दारातून फकिरा ओरडला, "मशिनीला इचारा की! कोण खोटं बोलतंय ते वाजून दावंल ती!"

परत हशा. कारभारीचं बोट टेबलाखालच्या त्या कळीपासून वीतभर लांब होतं आणि त्याला वाटलं ती आपोआप वाजेल. हशा त्याच्या अंगावरून गेला, आणि हा हशा त्याच्या ओळखीचा होता. असाच एक होता, श्रावण लागायच्या सुमाराचा, अठ्ठ्याहत्तर साली, गंगापूरच्या अंगाला. तो सव्वीस वर्षांचा होता. मेंढरं एका पाटलाच्या रानात बसवलेली, खतासाठी, बदल्यात ज्वारी. दुपारी ओढ्यापलीकडून, जय भीमवाल्यांच्या वस्तीतून, धूर निघाला, आधी बारीक, चुलीचा असावा असा, मग जाड. बोंब ऐकू आली, मग ती पण ऐकू येईना, आणि मेंढरांनी चरायचं थांबवलं, सगळ्यांनी एकदम, माना एका बाजूला. मग बांधावरून पाच माणसं आली. चिखलानं पाय भरलेले. त्यातल्या एकानं बिडी काढली आणि म्हणाला, काडेपेटी भिजली रे, इस्तू दे. कारभारीनं चुलीतलं लाकूड पुढं केलं. त्याला आजही तो हात दिसतो, बिडी धरलेला, नखांत राख. आणि स्वतःचा, लाकूड धरलेला, स्थिर. पाचही माणसांची नावं त्याला पाठ होती. दुसऱ्या दिवशी फौजदार आला. काल इथनं कोण गेलं? बाप कारभारीकडं बघायला लागला. रान पाटलाचं, ज्वारी पाटलाची. आणि कारभारी म्हणाला, साहेब, आमाला काय दिसणार, आमी दिवसभर मेंढरांच्या ढुंगणाकडंच बघत असतो. फौजदार असा हसला की त्याची टोपी हलली. पोलीस हसले, बाप हसला. फौजदार पाठीवर थाप मारून गेला. आई, म्हाळसाबाई, तेवढी हसली नाही. ती कालवणात मीठ घालत होती, आणि त्या रात्रीचं कालवण इतकं खारट झालं की कुणाला खाववलं नाही. कुणी काही म्हणलं पण नाही. तो कारभारीचा पहिला गाजलेला विनोद. तेव्हापासून त्याला लोकांना हसवता येतं हे कळलं. गावोगाव, मग कंपनीत. कधी कधी एखाद्या विनोदाच्या मधेच त्याच्या जिभेवर मीठ यायचं आणि तो जास्त जोरात विनोद करायचा.

"साहेब," तो म्हणाला, "मी वाचवतो फ्लॉपी. एक नवी द्या."

"नवी कशाला?"

"फाडायला."

नानासाहेबांनी असं पाहिलं जसं कुणी त्यांच्या दुभत्या म्हशीवर सुरी मागितली. पण उद्याचे अकरा त्यांना पण दिसत होते. कपाट उघडलं. कारभारीनं ही गोष्ट फक्त ऐकली होती. इंजिनिअर मागं आला तेव्हा चहा पिताना म्हणाला होता, एका ऑफिसात फ्लॉपीवर सरबत सांडलं, तर मी चकती काढून धुतली, दुसऱ्या खोळीत घातली, वाचली. कारभारीनं तेव्हा दोनदा विचारून घेतलं होतं, कारण त्याच्या डोक्याला अशा गोष्टी चिटकायच्या. पण केली कधी नव्हती.

आधी मशीन. दुसऱ्या कुणी इथं घाई केली असती: दुसरी चांगली फ्लॉपी घालून बघू. कारभारीनं नाही केली. जिनं घाण खाल्ली तिच्या तोंडात दुसरी कशी द्यायची, तिला पण ओरखडेल. त्यानं स्क्रू काढले, झाकण उचललं. आत, फटीच्या शेवटी, डाळीएवढं हेड, तेच फ्लॉपीवरून फिरतं आणि वाचतं. ते पिवळं झालेलं. फर्स्टएडच्या पेटीतलं स्पिरिट, आगकाडीला गुंडाळलेला कापूस. तो इतकं हलकं पुसत होता की दारातल्या माणसांनी बघायला टाचा उंचावल्या. कापसावर आलेली हळद त्यानं चिमटीत दाबून खिशात टाकली. मग वरच्या फटीतली अकलेची फ्लॉपी खाली घालून पाहिली. घुर्र. टकटक. मशीन बरी झाली होती. आता माणसं.

धुवायला तो कँटीनच्या मागच्या मोरीवर गेला. फोर्कलिफ्टच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल वॉटर, एक स्टीलचं ताट, टपरीवरची शॅम्पूची पुडी. "सखाराम, चल धरायला," तो म्हणाला. का म्हणाला? दुसऱ्या कुणी पण धरलं असतं. सखाराम आला, आधी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा, आणि कारभारीला दाखवले. "बघा. आता तरी?"

ब्लेडनं खोळीची एक कड कापली. चकती बाहेर आली, तपकिरी, लोण्यासारखी गुळगुळीत, वाऱ्यानं हलणारी. मधल्या भोकाच्या कडेला धरायची, बाकी कुठंच नाही. त्रेचाळीस माणसं त्या हलणाऱ्या गोलावर होती आणि एकाचंही नाव दिसत नव्हतं. कारभारीनं ती पाण्यात सोडली, आणि त्याच्या हातांना जे आठवलं ते त्याच्या डोक्याला आठवत नव्हतं. आई लोकर धुवायची तेव्हा चोळायची नाही. चोळलं की लोकर जमते, म्हणायची. पाण्याला काम करू दे, तू फक्त वाट दे. पालथ्या हातानं पाणी ढकलायचं. कारभारीनं बोटांच्या मागच्या बाजूनं पाणी ढकललं, इकडून, तिकडून, शॅम्पूचा एक थेंब, परत इकडून. नारळपाण्याचा वाळलेला थेंब सुटेपर्यंत त्याच्याजवळ पाणी फिरवत राहिला. जे हात शहरात आल्यावर तो खिशात घालून बसायचा, जाड, वळलेले, मेंढराच्या वासाचे म्हणून, त्या हातांसारखं हे काम इंजिनिअरच्या बापाला जमलं नसतं. त्याला ते ओरडून सांगावंसं वाटलं. बघा रे. हे धनगराचे हात.

मग त्यानं ताटात पाहिलं. पाणी पिवळं झालं होतं. पेढ्यानं होतं तसं नाही. स्टीलच्या ताटात, दुपारच्या उन्हात, उघडं नागडं पिवळं.

सखाराम पण ताटातच बघत होता. अगदी हळू म्हणाला, "काल सातारला गेला व्हतात नव्हं दादा?"

"व्हय."

बस. सखारामनं ताट उचललं, मोरीत ओतलं, वरून दोन तांबे पाणी टाकलं, ताट हातानं घासून पालथं घातलं. कारभारी चकती धरून उभा राहिला. हा माणूस आपल्याला वाचवतोय, की आपण काय करतो ते बघायला जागा करून देतोय? त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. तिथं फक्त सवय होती. सतरा वर्षांत, आणि त्याच्या आधी, त्यानं किती जणांचं पिवळं पाणी असं ओतलं असेल, आणि किती जणांनी थट्टा करून वेळ मारून नेली असेल. कारभारी म्हणाला, "सखाराम..." सखाराम म्हणाला, "वाळू द्या आधी. बोलताना थुका उडंल."

सावलीत अर्धा तास. पेन्सिलीवर टांगून, वाऱ्याकडं पाठ करून. मग नवी फ्लॉपी फाडली, तिची चकती काढून फेकली, तिच्या खोळीत ही घातली, कड चिकटपट्टीनं बंद केली. टाइम ऑफिसात तेव्हा पंचवीस-तीस माणसं घुसली होती, जेवणाची सुट्टी झालेली. कारभारीनं फ्लॉपी सारली. खटका. घुर्र. थांबली. कारभारीच्या पोटात मेंढरांनी एकदम माना वळवल्या. टकटक. आणि पडदा हिरवा झाला, एक, फकिरा, तारीख, दोन, तारीख, ओळीवर ओळ, वरून खाली, त्रेचाळीस.

काय आरडाओरडा! फकिरानं कारभारीला कमरेत धरून उचललं, भिकन "माझा बैल दिसला! माझा बैल दिसला!" म्हणून नाचला. नानासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जो त्यांनी आजवर कुणाच्याच खांद्यावर ठेवला नव्हता. "कारभारी, पुण्याच्या इंजिनिअरला नोकरीवरून काढायला पाहिजे. उद्या साहेबांना सांगतो, ऑपरेटरची जागा तुझी." कारभारीची छाती इतकी भरली की बटण लागलं. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते हे होतं, आणि ते खरं होतं, फुकटचं नव्हतं. त्याच्या हातांनी केलं होतं.

"रिबन घाल आणि काढ यादी," नानासाहेब म्हणाले. "त्याच्या आधी दाभाडेचा मेमो टाइप कर, म्हणजे सात नंबर काढूनच यादी निघेल. मजकूर तुला पाठ आहे."

भिकन नाचायचा थांबला. सखाराम दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्यानं कारभारीकडं पाहिलं नाही. खिशातून बिडी काढली, बोर्ड बघितला, परत खिशात घातली.

कारभारी बसला. मजकूर त्याला पाठ होता, पाच वर्षांत त्यानं पन्नास मेमो टाइप केले होते. प्रति. मग नाव. तिथं ते हिरवं चौकोनी टिंब लुकलुकत होतं, ये, नाय, ये, नाय. त्याला वाटलं एक झकास विनोद आत्ता जिभेवर आहे, तयार, आणि तो केला तर सगळे हसतील, नानासाहेब पण, आणि कदाचित मेमो राहून पण जाईल आजच्या दिवस. जिभेवर मीठ आलं. त्यानं गिळलं आणि टाइप करायला लागला. घाई नाही केली. एक-एक अक्षर.

प्रिंटर किरकिरला. कारभारीनं कागद फाडला, कडा सरळ केल्या, दोन हातांनी नानासाहेबांपुढं धरला. नानासाहेबांनी सहीला पेन टेकवलं आणि उचललं.

"हे काय? तुझंच नाव? कारभारी, ही चेष्टेची वेळ आहे का?"

"चेष्टा नाय साहेब." त्याचा आवाज त्याला स्वतःला अनोळखी वाटला, साधा, घंटीशिवायचा. "काल मी फ्लॉपी सातारला नेली. पाकिटातनं काढली. भंडारा टाकला. मी. सखारामचा हात लागला नाय. सकाळीच कळलं व्हतं मला, आठ वाजून वीस मिनिटांनी. मी बोललो नाय."

नानासाहेबांनी खुर्ची मागं सरकवली. "तू यादीत आहेस."

"तेवीस नंबर."

"मेमो झाला तर नाव जाईल, कळतं का तुला?"

"कळतं. काढायला बी मलाच बसावं लागंल, दुसऱ्या कुणाला येतंय इथं?"

कुणीतरी हसायला लागलं आणि थांबलं. नानासाहेबांनी कागद घडी घातला, परत उघडला. आवाज आणखी हळू झाला. "हे बघ. देवाचं काम होतं. श्रद्धेचा विषय आहे. मी हा कागद पाहिलाच नाही असं म्हणू शकतो. दाभाडेला काही नाही, तुला पण काही नाही. मिटलं."

मिटलं असतं. खरंच मिटलं असतं, आणि कुणाचंच काही गेलं नसतं, आणि कारभारीला केसरबाईचा चेहरा दिसला, कायम झाल्याचं ऐकण्यासाठी धुतलेला. पण त्याला दुसरं पण दिसलं: सकाळी पेढा होता तेव्हा नियम लोखंडाचा होता, आता भंडारा निघाला तर मेणाचा झाला. आणि सखाराम तिकडं परत तसाच उभा होता, सवयीनं.

"साडेनऊला नियम व्हता साहेब," कारभारी म्हणाला. "बारा वाजता कामून नसावा?"

नानासाहेबांचे कान लाल झाले. त्यांनी सही केली. निब कागदात रुतली.

कारभारीनं खुर्ची पुढं ओढली. लुकलुकणारं टिंब तो बाणाच्या कळीनं खाली नेत गेला, फकिरा, पुढं, सात नंबर सखाराम दाभाडे, पुढं, बावीस, तेवीस. स्वतःच्या नावावर थांबला. नाव बरं दिसत होतं, तारखेसकट. ज्या दिवशी वॉचमनचा डंडा हातात घेतला त्या दिवसाची तारीख, ती शोधायला त्याला कुणाला विचारावं लागलं नव्हतं. त्याला भीती वाटायला पाहिजे होती. उलट त्याच्या पाठीचा कणा एक-एक मणी करत सरळ झाला, जसा शनिवारी चढावर झाला होता, पण या वेळी कुणी बघावं म्हणून नाही. त्यानं कळ दाबली. ओळ गेली. खालचं नाव वर सरकलं, त्याच्या खालचं त्याच्या जागी, सगळे एक-एक पायरी वर, आणि यादी बंद झाली, मधे खाडा न ठेवता.

"दादा," सखाराम त्याच्या पाठीशी आला होता. "दादा, तुमी..."

"गप. यादी निघतीय. नावं बरोबर हाएत का बघ. मोठ्यानं वाच, मागच्यांना ऐकू जाऊ दे."

प्रिंटर चालू झाला. सखारामनं घसा साफ केला, कागद वर येईल तसा वाचायला लागला. एक, फकिरा. हाय, दारातून आवाज आला. दोन. हाय. तीन. हाय. सातला तो स्वतःचं नाव वाचून थांबला, आणि कारभारी मान न वळवता म्हणाला, "हाय म्हण की." "हाय," सखाराम म्हणाला आणि आठवर गेला. नावं येत राहिली, माणसं हाय म्हणत राहिली, काही जेवणाचे डबे हातात धरून. बावीस. हाय. तेविसाव्याला भिकन होता. तो आधी कारभारीच्या पाठीकडं बघत राहिला. मग असा ओरडला की खिडकीची काच थरथरली.

कारभारीनं कागदाची कड दोन बोटांत धरली आणि पुढचं पान सरळ लावून दिलं.